एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेऊन कंपनी काढली, तर तिथे राहायला जाता येतं का?

नाही, ई-रेसिडेन्सीवर तिथे राहता येत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेली ही योजना म्हणजे फक्त सरकारी डिजिटल ओळखपत्र: त्यावर कंपनीची नोंदणी होते, कागदपत्रांवर ऑनलाइन सही करता येते, बस. तो व्हिसा नाही आणि त्याने तुम्ही तिथले करदातेही ठरत नाही. (नावच असं ठेवलंय की गैरसमज व्हावा!)

युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला तिथे राहून धंदा करायचा असेल, तर उद्योजक म्हणून तात्पुरत्या निवास परवान्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. हा अर्ज तिथलं पोलीस आणि सीमा सुरक्षा खातं तपासतं. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कायद्यानुसार कंपनीत किमान ६५,००० युरो गुंतवलेले हवेत. एकट्याच्या नावावर व्यवसाय असेल तर १६,०००. पैसे खात्यात दाखवून भागत नाही, ते धंद्यात लावलेले असावे लागतात.

स्टार्टअपला मात्र या रकमेतून सूट आहे, पण आधी स्टार्टअप समितीने कल्पना मान्य करायला हवी. साध्या सल्लागारीला किंवा दुकानाला ही वाट सहसा मिळत नाही. दीर्घकालीन परवाना पुढे, पाच वर्षं सलग राहिल्यावर, आणि त्यासाठी एस्टोनियन भाषेची बी-१ (म्हणजे मध्यम) पातळीही लागते.