नदीकाठी तंबू, सोबत कुत्रा: तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मार्च उजाडला की सुट्टीचे बेत सुरू होतात आणि हल्ली त्या बेतात घरातला कुत्रा पण असतो, ही फार चांगली गोष्ट आहे. यंदा आलेले बहुतेक प्रश्न हिमाचलमधल्या नदीकाठच्या कॅम्पबद्दल आहेत, एक सिएटलहून आलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: आमचा लॅब्रॅडॉर अडीच वर्षांचा आहे, पाण्याचं प्रचंड वेड, खडकवासल्याला नेलं की बाहेर यायलाच तयार नसतो. मेमध्ये तीर्थन व्हॅलीत चाललोय, गुशैनीजवळ. कॅम्पवाले म्हणाले टेंट अगदी पाण्याला लागून देतो आणि कुत्रा बिनधास्त मोकळा सोडा. सोडावा का? (पुणे)

उत्तर: जरूर न्या, पण मोकळा सोडू नका, आणि टेंट पाण्याला लागून घेऊ नका. दोन्ही गोष्टी कॅम्पवाल्यांना आधीच फोनवर सांगून टाका, तिथे पोचल्यावर जागा बदलून मिळेलच असं नाही.

खडकवासल्याचं पाणी साठलेलं आहे, तीर्थन वाहती आहे आणि ती बर्फाच्या डोंगरातून उतरते. मेमध्ये ऊन छान असतं म्हणून आपण फसतो, पाण्यात हात घालून बघा, थोड्याच वेळात बोटं बधिर होतात. लॅबला हे कळत नाही, त्याला समोर पाणी दिसतं आणि तुमच्या हातात काठी दिसते एवढंच. तो उडी मारतो, काठाजवळ पाणी गुडघाभर असतं पण दोन पावलं पुढे धार असते, दगड शेवाळलेले, आणि धारेने ओढलं की चांगला पोहणारा कुत्रासुद्धा खालच्या मोठ्या दगडांत नाहीतर अडकलेल्या ओंडक्याखाली जातो. मग त्याच्यामागे माणूस उडी मारतो, ही मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण अशा वेळी कोणीच विचार करत नाही. त्यामुळे घरातल्या मुलांना आत्ताच सांगून ठेवा की कुत्रा वाहून जायला लागला तर काठाने पळत त्याच्या पुढे जायचं, हाका मारायच्या, पण पाण्यात उतरायचं नाही.

खेळू द्यायचंच असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला जिथे पाणी संथ आणि उथळ असतं तिथे खेळू द्या, आणि पाच-सात मीटरची लांब दोरी हार्नेसला लावा, गळ्यातल्या पट्ट्याला नको, धारेत ओढ बसली तर गळा आवळतो. दोरी हाताला गुंडाळू नका, नुसती धरा. पाठीवर हँडल असलेलं कुत्र्यांचं लाइफ जॅकेट मिळतं ते घ्या, त्या हँडलला धरून त्याला वर उचलता येतं. आणि नदीपाशी काठी किंवा बॉल फेकायचा खेळ पूर्ण बंद.

आता टेंटची जागा. नदीला पुराची रेघ असते ती शोधा. काठच्या झुडपांच्या फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या दिसतील, बारीक वाळूचा थर दिसेल, पाणी आधी कधीतरी तिथपर्यंत आलेलं असतं. टेंट त्या रेघेच्या चांगला वर पाहिजे आणि तिथून वर चढायला वाट मोकळी पाहिजे. मे-जूनमध्ये दिवसा बर्फ वितळतो म्हणून अशा नद्यांना दुपारनंतर संध्याकाळपर्यंत पाणी चढतं आणि पहाटे ते सगळ्यात कमी असतं. सकाळी ज्या दगडांवरून कुत्र्याला घेऊन सहज पलीकडे गेलात तेच दगड चार वाजता पाण्याखाली असू शकतात, म्हणून नदी ओलांडायची असेल तर परतीचा विचार करूनच ओलांडा.

खुद्द तीर्थनवर मोठं धरण नाही, पण वर पाऊस झाला की इथे आकाश निळं असताना पाणी येतं. गढूळ झालं, पानं-काटक्या वाहायला लागल्या, आवाज बदलला किंवा पाणी एकदम कमी झालं तरी सामान सोडून वर निघायचं. बियास, पार्वती, सैंज यांच्या काठी कॅम्प असेल तर भीती आणखी एका गोष्टीची, वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्याची. ८ जून २०१४ ला थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ इंजिनीअरिंगचे विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले, तेव्हा तिथे पाऊस नव्हता की काही नव्हतं. जुलै २०२३ मध्ये याच बियासने कुल्लू-मनालीचा हायवे जागोजागी तोडला. हे मी घाबरवायला लिहीत नाही, मला ती व्हॅली अतिशय आवडते, पण आपण काठावर पाहुणे आहोत आणि कुत्रा तर आपण नेऊ तिथे झोपतो, जागा निवडायचा त्याला काही अधिकारच नसतो.

आणखी एक, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत पाळीव कुत्रा नेता येत नाही. २०१४ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे, आत मोनाल, घोरल, कस्तुरीमृग आहेत, आणि नियम योग्यच आहे. गुशैनीतून रोलाच्या वाटेवर फिरायला निघालात तर पार्कच्या गेटच्या अलीकडूनच मागे फिरा.

प्रश्न: आमची इंडी, म्हणजे देशी कुत्री, घरी पण अंगणातच झोपते, टेंटमध्ये तिला कोंडल्यासारखं वाटेल. कॅम्पमध्ये टेंटच्या बाहेर साखळीने बांधली तर चालेल ना? राखण पण होईल. (नाशिक)

उत्तर: नाही चालणार, प्लीज असं करू नका. नाशिक-जुन्नरकडच्या माणसाला बिबट्या काय करतो हे मी वेगळं सांगायला नको. हिमाचलच्या त्या सगळ्या पट्ट्यात बिबटे आहेत, गावात येऊन कुत्री उचलतात, आणि साखळीने बांधलेल्या कुत्रीला पळताही येत नाही. तिथल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेर टोकं आलेले लोखंडी पट्टे दिसतील, ते कशासाठी घालतात? बिबटा मान धरतो म्हणून. ही कुत्री दांडगी, केसाळ, जन्मापासून डोंगरात वाढलेली, आणि तरी त्यांना पट्टा लागतो, मग आपल्या अंगणातल्या मुलीचं काय!

तिला टेंटमध्ये तुमच्या पायाशी झोपवा नाहीतर गाडीत, काच बोटभर उघडी ठेवून. टेंटची सवय आत्ता घरीच लावा, हॉलमध्ये टेंट उभा करा, तिचं अंथरूण आत टाका, जेवण आत द्या, थोड्या दिवसांत स्वतःहून जाऊन बसेल. रात्री शू करायला न्यायचं तर पट्ट्यावर, हातात जोरदार टॉर्च, आणि टेंटच्या जवळच, झाडीकडे नाही. उरलेलं खाणं भांड्यात तसंच बाहेर ठेवू नका, त्या वासावर अस्वल येतं, कोल्हा येतो, गावातली कुत्री तर येतातच.

मेंढ्यांचं पण सांगते. मे-जूनमध्ये गद्दी लोक कळप घेऊन वर चढतात, रस्त्यात दोन-तीनशे शेळ्यामेंढ्या समोर येतील. आपला कुत्रा लगेच जवळ घ्या, रस्त्याच्या एका कडेला, दरीकडची बाजू सोडून, थांबा आणि कळप जाऊ द्या. त्यांच्या कुत्र्यांच्या डोळ्यात बघत उभं राहायचं नाही, पळायचं नाही. आपलं कुत्रं भुंकलं आणि एक कोकरू बिथरून दरीत गेलं तर त्या घराचं मोठं नुकसान होतं.

प्रश्न: आमच्याकडे कारवानी आहे, सोलापूरकडून आणलेला. ३५-३८ डिग्रीत आरामात पळतो. जूनमध्ये सांगला आणि छितकुलला बस्पा नदीकाठी तीन रात्री कॅम्प करायचाय. थंडीला काही करावं लागेल का? (सांगली)

उत्तर: लागेल, बरंच काही. कारवानी म्हणजे आपल्या दख्खनच्या माळरानासाठी घडलेला कुत्रा, अंगावर चरबी नाही, केस बारीक, उष्णता टिकवायला त्याच्याकडे काहीच नाही. छितकुल साधारण ३४५० मीटरवर आहे, तिथे जूनमध्ये पण रात्री स्वेटर-जॅकेट लागतं. आणि थंडी वरून कमी, खालून जास्त लागते हे लोकांना माहीतच नसतं. तुम्ही मॅटवर स्लीपिंग बॅगमध्ये आणि तो नुसत्या टेंटच्या कापडावर, खाली ओली नदीची जमीन, त्याची सगळी ऊब जमिनीत जाते. त्याच्यासाठी वेगळी फोमची मॅट न्या, वर घोंगडी, आणि अंगात पोट झाकणारं जॅकेट. घोंगडी आपली साधी धनगरी चालेल, ओली झाली तरी ऊब देते.

पाण्यात भिजला असेल तर ऊन असेपर्यंत कोरडा करा, पंजांच्या बोटांमध्ये पण टॉवेल घाला. थरथरतोय म्हणजे शरीर अजून लढतंय, पण थरथर थांबली आणि कुत्रा सुस्त झाला, हिरड्या फिक्या पडल्या, चालताना अडखळायला लागला तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही, उलट तब्येत खालावत असते. कोरडं करा, तुमच्या स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीपोटाशी ठेवा, चोळू नका, आणि खाली उतरून डॉक्टर गाठा.

उंचीचा त्रास कुत्र्यांना पण होतो. सरळ छितकुल गाठू नका, सांगल्याला एक-दोन रात्री आधी काढा. खाणं नेहमीपेक्षा जास्त द्या, थंडीत आणि चढावर जास्त लागतं. आणि तुमच्या किटमधली कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन वगैरे त्याला कितीही लंगडत असला तरी द्यायची नाही, कुत्र्यांच्या पोटाला आणि किडनीला ती विषासारखी लागते. तुमच्या डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे औषधं लिहून घ्या आणि बरोबर न्या, तिकडे सरकारी पशुदवाखाने आहेत पण त्यांचं मुख्य काम गाई-मेंढ्यांचं असतं.

प्रश्न: सिएटलला राहतो, आमचा बीगल आहे. स्कायकोमिश नदीच्या काठच्या कॅम्पग्राउंडवर सप्टेंबरमध्ये जायचंय. तिथे नियम काय आणि भीती कशाची? अस्वलांची? (सिएटल)

उत्तर: अस्वलांपेक्षा सॅमन माशांची. खरंच. वायव्य अमेरिकेत सॅमन आणि त्या जातीच्या माशांमध्ये एक सूक्ष्म कृमी असते, तिच्यात एक जिवाणू असतो, कच्चा मासा कुत्र्याने खाल्ला की त्याला ‘सॅमन पॉइझनिंग’ होतं. हा आजार माणसाला होत नाही, मांजरालाही नाही, पण कुत्र्याला वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक वेळा जीव जातो. पावसाळी शरदात सॅमन अंडी घालायला वर येतात आणि काठावर मरून पडतात, त्यात तुमचा बीगल, म्हणजे नाक जमिनीला लावूनच फिरणारा! सहा फुटांचा पट्टा सतत लावा, त्यापेक्षा लांब नको. एवढं करूनही तोंडात काही गेलं आणि आठवडाभरात उलट्या, जुलाब, ताप, खाणं बंद असं दिसलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘याने कच्चा मासा खाल्लाय’ हे सांगा, लवकर कळलं तर अँटिबायोटिकने बरा होतो.

नियमांचं थोडक्यात: नॅशनल फॉरेस्टच्या कॅम्पग्राउंडवर कुत्रा पट्ट्यावर चालतो, बहुतेक ट्रेलवरही. नॅशनल पार्कमध्ये मात्र, म्हणजे माउंट रेनिअर वगैरे, कॅम्पग्राउंडवर चालतो पण ट्रेलवर जवळजवळ कुठेच नाही. नावं सारखी वाटतात म्हणून बुकिंग करताना नीट बघा. कुत्र्याचं खाणं अस्वलांच्या दृष्टीने खाणंच, रात्री गाडीत बंद.

प्रश्न: मुंबईहून ट्रेनने कुत्रा नेता येतो का? (ठाणे)

उत्तर: येतो. फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमची असेल तर तुमच्याबरोबर, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि पेटीत मे महिन्यात मी माझं कुत्रं कधीही ठेवणार नाही. कूपे मिळणार की केबिन हे चार्ट लागताना ठरतं म्हणून रेल्वेकडे आधी अर्ज देऊन ठेवा. त्या दिवशी गाडीच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसला कुत्र्यासकट जायचं, लसीकरणाचं कार्ड आणि डॉक्टरांचं ताजं सर्टिफिकेट दाखवून त्याचं तिकीट काढायचं.

प्रश्न: मागच्या वर्षी पार्वती व्हॅलीतल्या एका कॅम्पवर आमचा कुत्रा संध्याकाळी अचानक झोकांड्या खायला लागला, बसल्या जागी शू होत होती, हात पुढे केला की दचकायचा. सकाळपर्यंत बरा झाला. काय असेल? (कोल्हापूर)

उत्तर: तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं गांजा-चरस पोटात गेल्याची आहेत. तिकडे कॅम्पवर लोक ओढतात, उरलेले तुकडे शेकोटीभोवती पडतात, कुकीज-ब्राउनी पण असतात, आणि झाडीत उघड्यावर केलेली माणसाची घाण कुत्री खातात त्यातूनही जातं. त्यातल्या ब्राउनीत चॉकलेट असतं म्हणजे दुहेरी विष.

कॅम्पवर पोचल्यावर आधी शेकोटीच्या आसपासची जमीन स्वतः फिरून साफ करा, कुत्रा नंतर उतरवा. परत असं झालंच तर लाजू नका, डॉक्टरांना संशय स्पष्ट सांगा, तिथले डॉक्टर हे बघत असतात. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, झिंगलेल्या कुत्र्याच्या ते श्वासनलिकेत जातं. उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवा, आणि उठत नसेल, श्वास मंद वाटत असेल किंवा झटके आले तर रात्र असली तरी गाडी काढून भुंतर-कुल्लूकडे निघा.

जायच्या आधी रेबीज, पार्वो-डिस्टेंपर आणि लेप्टोचे डोस पूर्ण आहेत का बघा, गोचिडांची गोळी निघायच्या दोन-तीन दिवस आधी द्या. डिस्टेंपर फक्त आपल्या कुत्र्यापुरता विषय नाही, २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले त्यात हाच विषाणू सापडला होता. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि झेरॉक्स गाडीत, वर रेंज नसते.