आत्याने ते चित्र पाहिलंय का?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, कोल्हापूरची. एचिंग करते, म्हणजे धातूच्या प्लेटवर अ‍ॅसिडने रेघा कोरून कागदावर त्यांचे ठसे काढते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वार्षिक प्रदर्शनात माझ्या पाच प्रिंट्स लागल्या होत्या. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी कॉलेजने त्यातल्या दोन उतरवल्या. दोन्हींत माझी आत्या होती. लुगडं बदलताना, पिशवी काढल्याचा पोटावरचा व्रण दिसणारी. ‘पाहुणे येणारेत, उगाच कशाला,’ एवढंच सांगितलं. बाबा म्हणतात, रंकाळा काढ, पन्हाळा काढ, चार पैसे तरी मिळतील. ठसे काढायचं प्रेस नाही, त्यामुळे साधं प्रूफ (चाचणीचा ठसा) काढायलासुद्धा पुणं गाठावं लागतं. आता जर्मनीत लाइपझिगला प्रवेश मिळतोय. तिथे मोकळं काम करता येईल असं वाटतं. पण हे पळून जाणं ठरेल का?

उत्तर : तुझं मूळ पत्र चार पानी आहे, जागेअभावी इथे कापलंय. त्या चार पानांत ‘मोकळं’ हा शब्द दोनदा आलाय आणि ‘प्रेस’ अकरा वेळा. मी मोजलं. तेव्हा आधी प्रेसचंच बोलू.

अ‍ॅसिडच्या ट्रेमध्ये जस्ताची प्लेट टाकल्यावर रेघेवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारायचे असतात. हे करताना माणसाला घाई करून चालत नाही. पाचची एसटी गाठायची असेल तर रेघ उथळ राहते. तू पाठवलेल्या फोटोंत मला तीच घाई दिसली. आत्याचा चेहरा जमलाय, हात जमलेत, आणि ज्या व्रणावरून एवढं रामायण झालं तो नेमका अ‍ॅसिडने कमी चावलाय. तेव्हा तुला जागा हवीय, यंत्र हवंय, लागोपाठ सहा महिने हवेत. लाइपझिगला ते मिळेल. छपाई आणि पुस्तकांचं ते जुनं गाव आहे. पण ते बडोद्याच्या ‘छाप’ स्टुडिओमध्ये, दिल्लीच्या गढी स्टुडिओत किंवा भोपाळच्या भारत भवनातही मिळू शकतं. तिथे कधी विचारलंस का? पत्रात तरी त्याचा उल्लेख नाही.

आता मोकळेपणाचं. मी नव्वदच्या दशकात सहा वर्षं जर्मनीत होते. न्यूड काढते म्हणून कुणी भुवई उंचावली नाही. मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाई मधल्या सुट्टीत झगा गुंडाळून आमच्याबरोबर कॉफी प्यायच्या. पहिला महिना मी नुसती हवेत होते. मग लक्षात आलं, आक्षेप कुणी घेत नाही तसं थांबून बघतही कुणी नाही. दुसऱ्या वर्षी मी आमच्या चाळवजा इमारतीच्या मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोऱ्या काढल्या. तेव्हा प्रोफेसर म्हणाले, ‘छान आहे, पण यात तू कुठे आहेस?’ म्हणजे भारत कुठे आहे. पुढच्या प्रदर्शनात मी एक हत्ती घुसडला. तो विकला गेला. त्या हत्तीची मला आजही लाज वाटते. इथे बाबा रंकाळा मागतात, तिथे हत्ती मागतात, इतकाच फरक!

आणि तिथेही चित्रं उतरतात बरं का. २०२२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात एक भलंमोठं चित्र आधी काळ्या कापडाने झाकलं आणि मग काढून टाकलं. त्यात ज्यूविरोधी प्रतिमा होत्या, आक्षेप पोकळ नव्हता. पण पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईचे कवी आणि समीक्षक रणजित होस्कोटे यांच्या २०१९ सालच्या, इस्राएलवर टीका करणाऱ्या एका निवेदनावरच्या सहीवरून वाद पेटला, आणि पुढच्या डॉक्युमेंटाचा कलादिग्दर्शक निवडणाऱ्या समितीचा त्यांनी राजीनामा दिला. प्रत्येक गावाचं एक अवघड जागेचं दुखणं असतं. परक्या माणसाला ते कुठे आहे हे पाय पडल्यावरच कळतं.

पळून जाणं वगैरे शब्द मात्र डोक्यातून काढ. चित्रकार एफ. एन. सूझा १९४९ साली लंडनला गेले. त्याच वर्षी मुंबईत त्यांच्या चित्रांच्या अश्लीलतेवरून पोलीस आले होते. लंडनमध्ये नाव व्हायला १९५५ उजाडलं. उलट चित्रकार अकबर पदमसी पॅरिसहून येऊन १९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन लावतात, पोलीस दोन चित्रं उतरवायला सांगतात, ते नाही म्हणतात, अटक होते, खटला लढून जिंकतात. दोघांपैकी भित्रा कोण? मला तर कुणीच वाटत नाही.

पैशांचं थोडक्यात. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ तुझ्या हाती येतात. वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने. त्या काळात चित्रकाराचं अर्धं डोकं राहण्याच्या परवान्याच्या तारखेत अडकलेलं असतं, हे मी स्वतः भोगलंय. बाबांनी शेत गहाण ठेवून हे पैसे उभे करायचे असतील तर माझं उत्तर नाही असं आहे. स्कॉलरशिप असेल तर जा, आणि दोन वर्षांनी काय करायचं ते दोन वर्षांनी ठरव.

पण एक गोष्ट चार पानांत कुठेच सापडली नाही. आत्याने ती चित्रं पाहिलीत का? कॉलेजने उतरवली याचा तुला राग आहे, तो रास्तच आहे. मात्र तो व्रण तिचा आहे. लाइपझिगच्या भिंतीवर तो कुणाला ओळखू येणार नाही, म्हणून तिथे तो लावणं सोपं वाटतंय का, हे स्वतःला विचारून बघ. मी माझ्या आईचं असं एक चित्र तिकडे लावलं होतं. तिला दाखवलं ते अकरा वर्षांनी. ती चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, ‘पदर असा नाही घेत गं मी, डावीकडून घेते.’ बाकी काही नाही. प्लेट तोवर भंगारात गेली होती, सुधारता आली नाही.

तेव्हा व्हिसाच्या रांगेत उभी राहण्याआधी एका दुपारी प्रूफ घेऊन आत्याकडे जा. तिने हो म्हटलं तर व्रणाभोवती पुन्हा ग्राउंड (अ‍ॅसिड अडवणारा लेप) घालून ती रेघ नीट चावू दे. आणि जायचं ठरलंच, तर प्लेट माळ्यावर टाकून जाऊ नकोस. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जस्त पांढरं पडतं. शाई रॉकेलने स्वच्छ पुसायची, वर ग्राउंडचा पातळ हात मारायचा आणि कोरड्या कागदात गुंडाळून आत्याच्याच कपाटात ठेवायची.