हप्ते तुमचे, घर कुणाचं?

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५१, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. गेली १४ वर्षं त्या एका गृहस्थांसोबत राहतात. गृहस्थ ५६ वर्षांचे, खासगी कंपनीत नोकरीला. जुळे सोलापुरात घर आहे, आजच्या भावाने ३० लाखांचं. कर्ज ६ लाख उरलंय, व्याज ९ टक्के. ताईंची आयुष्यभराची बचत म्हणजे ९ लाखांची ठेव, ७ टक्क्यांची. विचारतात, ठेव मोडून कर्ज फेडू, की एजंट सांगतो ती ‘गॅरंटीड’ पॉलिसी घेऊ? दीड लाख रुपये दर वर्षी, असे १० वर्षं भरायचे आणि २० वर्षांनी ३० लाख मिळणार.

पॉलिसी घेऊ नका. १५ लाखांचे ३० लाख हे ऐकायला छान वाटतं, पण तुमचा रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. परतावा पडतो साडेचार टक्क्यांच्या आसपास. तुमची साधी ठेव याहून बरी. त्यात पॉलिसी त्या गृहस्थांच्या नावावर, हप्ता तुमचा, आणि एजंट म्हणतो, ‘नॉमिनी तुम्हीच, म्हणजे रक्कम तुमचीच.’ हे साफ खोटं आहे. २०१५ साली विमा कायदा बदलला, तेव्हा नॉमिनीला रकमेचा खरा मालक करण्याची सोय झाली ती फक्त आई-वडील, नवरा-बायको आणि मुलांसाठी. तुम्ही यांपैकी कुणीच नाही. विमा कंपनी चेक तुमच्या हातात देईल, पण त्या पैशांवर वारस हक्क सांगू शकतील. हे ठाऊक नसेल तर त्या माणसाने पॉलिसी विकू नये, आणि ठाऊक असून विकत असेल तर त्याला दारात उभं करू नका.

कर्जाचं गणित एका ओळीचं. ९ आणि ७ टक्क्यांत फरक २ टक्के, ६ लाखांवर वर्षाला १२ हजार. निव्वळ आकड्यांत कर्ज फेडणं बरोबर आहे.

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात: ‘घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, हप्त्यातले ७ हजार मी १२ वर्षं रोख देते. त्यांची पत्नी आणि आता मोठा झालेला मुलगा बार्शीला असतात. घटस्फोट नाही, पण १६ वर्षं संबंधही नाही. आम्ही तुळजापूरला देवीसमोर हार घातलेत. त्यांच्या आई आमच्याकडेच असतात, त्यांचं सगळं मीच करते. बँक आणि पीएफला नॉमिनी मीच आहे, त्यामुळे काळजी नाही.’

ताई, काळजी आहे. १६ वर्षं वेगळं राहिल्याने लग्न सुटत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो. सात वर्षांनी आपोआप सुटका होते ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे, तिला कायद्यात कसलाही आधार नाही. पत्नी हयात असताना घातलेले हार हिंदू विवाह कायद्यापुढे लग्न ठरत नाहीत. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर कर्ज वजा जाता उरलेल्या २४ लाखांचे तीन वाटे होतील. पत्नीला ८, मुलाला ८, आईला ८. तुमचा वाटा शून्य. तुम्ही घातलेले १० लाख कुठल्याच कागदावर नाहीत, आणि ‘पैसे माझे म्हणून घर माझं’ हा दावा बेनामी कायद्यात, म्हणजे एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घेण्याला मनाई करणाऱ्या कायद्यात, अडकू शकतो.

नॉमिनी म्हणजे रक्कम ताब्यात घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा माणूस. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. बँकेतल्या ठेवीचं तसंच. पीएफचं तर त्याहून कठीण: सभासदाला कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचं नामनिर्देशन मुळातच रद्द ठरतं. ते नोकरीत असताना गेले तर पीएफ पत्नीकडे आणि अवलंबून असलेल्या आईकडे जाईल. पेन्शनही पत्नीलाच.

म्हणून आधी मृत्युपत्र. घर त्यांच्या कमाईचं आहे, ते कुणालाही देऊ शकतात. गावाकडची जमीन वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःचा हिस्सा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार लागतात. त्यात तुम्ही नको, एक डॉक्टर असले तर उत्तम. नोंदणी सक्तीची नाही, तरीही दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच. तुमचा उल्लेख ‘माझी पत्नी’ असा करू नका, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहा. पत्नी आणि मुलाचं नावही त्यात असावं, आणि त्यांना काहीतरी दिलेलं असावं. त्या बाईंनीही १६ वर्षं काढलीत, आणि मृत्युपत्र झालं तरी मिळकतीतून पोटगी मागण्याचा त्यांचा हक्क राहतो. निवृत्तीनंतर पीएफ हातात आला की तोही मृत्युपत्रात येऊ द्या.

घर बक्षीसपत्राने घेऊ नका. कायद्याने तुम्ही नातेवाईक नाही, त्यामुळे मुद्रांक पूर्ण लागेल आणि घराची किंमत तुमचं उत्पन्न धरून आयकरही. मृत्युपत्राने मिळालेल्यावर तो कर नाही.

कर्ज फेडायचंच असेल तर बँकेची संमती घेऊन ६ लाखांत घराचा पाचवा हिस्सा खरेदीखताने विकत घ्या, आणि त्याच पैशांनी त्यांनी कर्ज मिटवावं. मुद्रांक आणि नोंदणीला साधारण ४० हजार जातील. सरकारी भाव आधी बघून घ्या, थोडा कर त्यांनाही लागू शकतो. पण पैसे तेच, कर्ज तेवढंच फिटतं आणि तुमचं नाव घरावर चढतं. उरलेले अडीच लाख हलवू नका. मृत्युपत्राची नोंदणी होईपर्यंत ठेवीला हातच लावू नका. यापुढचा प्रत्येक हप्ता बँकेतून द्या.

समजुतीने घटस्फोट आणि मग नोंदणी विवाह झाला तर यातलं बरंच आपोआप सुटेल. पत्नीला पीएफमधून योग्य रक्कम द्यायची तयारी त्यांनी दाखवली तर तो रस्ता मला सगळ्यांत बरा वाटतो, त्या बाईंच्या दृष्टीनेही.

आणि त्याच दिवशी तुमचंही मृत्युपत्र करा. आज तुम्हाला काही झालं तर तुमची ठेव तुमच्या आई-वडिलांकडे जाईल, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. ज्यांच्यासोबत १४ वर्षं काढलीत, त्यांच्या हाती काहीच येणार नाही.