बाँडिंग घासलं की कमजोर होतं?

पुढच्या दातांवरच्या बाँडिंगबद्दल या खेपेला आलेल्या पत्रांत एकच धास्ती फिरून फिरून दिसली. केलेलं काम पुन्हा घासलं, त्यात भर घातली, आकार बदलला तर ते टिकेल का? एका बाईंनी न आवडलेला आकार वर्षभर सोसला, पण डॉक्टरकडे परत गेल्या नाहीत. म्हणून आजची सगळी जागा या विषयाला. बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट (प्लास्टिकसारखं रेझिन आणि काचेचे बारीक कण यांचं मिश्रण) दातावर बसवून, निळ्या लाइटने कडक करून दिलेला आकार. कॅप (अख्ख्या दातावरची टोपी) वेगळी, व्हिनीअर (दर्शनी भागावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) वेगळं.

समोरच्या दोन दातांमधली फट तीन आठवड्यांपूर्वी बाँडिंगने बुजवली. फट गेली, पण दात आता फावड्यासारखे रुंद दिसतात. डॉक्टर म्हणतात, या, थोडं घासून देतो. मशीनच्या थरथरीने आतून सुटणार नाही ना? (वय २६, नाशिक)

नाही सुटणार. बाँडिंग दातावर बसतं ते डिंकाने कागद चिकटावा तसं नव्हे. आधी ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर, पंधरा ते तीस सेकंद ठेवतात. त्याने डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात, पातळ रेझिन त्यांत उतरतं आणि लाइटखाली तिथेच घट्ट होतं. ही युक्ती अमेरिकेतल्या मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये मांडली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत हे आम्ल वापरत, त्यावरून त्यांना ती सुचली. अशी असंख्य बारीक मुळं इनॅमलमध्ये रुतलेली असतात. वरून फिरणाऱ्या चकतीने ती उपटली जात नाहीत.

उलट न घासलेलं बाँडिंगच आधी खराब होतं. लाइट दिला तरी कंपोझिटचा सगळ्यात वरचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुरता कडक होत नाही, चिकट राहतो. तो काढावाच लागतो. राहिला तर चहा-हळदीचा रंग तिथेच आधी चढतो.

नुकसान होतं ते घासण्याच्या पद्धतीने. घाईत, पाण्याशिवाय घासलं की उष्णता वाढते, ती दातालाही सोसत नाही आणि कंपोझिटलाही. हिरडीजवळच्या कडेवर चकती आडवीतिडवी फिरली की तिथे पांढरी रेघ उमटते. कड दुखावल्याची ती खूण. तिथे इनॅमल मुळातच पातळ असतं. आणि घासताना आतला हवेचा बुडबुडा उघडा पडला, तर टाचणीच्या टोकाएवढं ते भोक थोड्याच दिवसांत तपकिरी होतं. दिसलं की तिथल्या तिथे भरून घ्या.

आता फावड्याचं. फट दोन मिलिमीटरची असेल तर प्रत्येक दात एकेक मिलिमीटर रुंद होणारच. मधल्या बाजूने घासलं तर फट परत उघडेल. म्हणून चांगला डॉक्टर रुंदी कमी करत नाही, ती लपवतो. दाताच्या दर्शनी भागावर दोन उभ्या उजळ कडा असतात, त्यांच्यामधला भागच आपल्याला ‘दात’ म्हणून दिसतो. त्या कडा थोड्या आत घेतल्या, बाहेरचा खालचा कोपरा जरा गोल केला, की तोच दात अरुंद वाटतो. यात जाणारा थर सहसा अर्ध्या मिलिमीटरहून कमी असतो आणि धारेची, म्हणजे चावण्याच्या कडेची, जाडी तशीच राहते. जरूर जा. फ्लॉस (दातांच्या फटीतून ओढायचा दोरा) मात्र सोबत न्या. काम झाल्यावर तो दोन दातांमधून ओढून बघा. तुटत, पिंजत असेल तर हिरडीखाली कंपोझिटचं बाहेर आलेलं टोक राहिलंय. ते आजच काढून घ्या, नाहीतर महिन्याभरात हिरडीतून रक्त येतंय म्हणून मला दुसरं पत्र लिहाल.

वरच्या समोरच्या दाताचा कोपरा पडला होता. वर्षभरात तीनदा बाँडिंग केलं, तिन्ही वेळा त्याच जागी टवका उडाला. आता डॉक्टर म्हणतात, खालचा दातही किंचित घासावा लागेल. चांगला दात का घासू द्यायचा? (वय ४१, पुणे)

तीनदा एकाच जागी टवका उडाला तर मालाला दोष देण्याआधी चावा बघायचा. तुमचे डॉक्टर चौथ्यांदा नुसती भर घालायला तयार नाहीत, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

चावा तपासायला निळा किंवा लाल कागद दातांमध्ये धरून ‘चावा’ म्हणतात, ते तुम्ही केलंच असेल. पण नुसतं टकटक चावून समोरच्या दातांची खरी कहाणी कळत नाही. खालचा जबडा पुढे सरकवा, डावीकडे न्या, उजवीकडे न्या. तुमचा टवका बहुधा यांतल्याच एखाद्या हालचालीत उडतो. दुसरी गोष्ट, खुर्चीत आडवं झाल्यावर जबडा जरा मागे जातो. ताठ बसलं की तो पुढे येतो आणि समोरचे दात जास्त जोरात भिडतात. उमेदवारीच्या दिवसांत मी सगळे पेशंट आडवेच तपासत असे. एक शिक्षक आठवड्याच्या आत तुटलेला कोपरा रुमालात बांधून घेऊन आले, तेव्हापासून खुर्ची सरळ केल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. भुलीचं इंजेक्शन दिलं असेल तर चावा दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावा, कारण बधिर तोंडाने ‘ठीक वाटतंय’ म्हणण्याला अर्थ नसतो. एरवी केसाच्या जाडीहून कमी उंचवटासुद्धा आपल्या दातांना खुपतो.

असा उंचवटा वेळेवर घासला तर बाँडिंगचं आयुष्य वाढतं. तिढा पुढे आहे. उंचवटा बाँडिंगवरूनच काढत गेलो की धार कागदासारखी पातळ होते, आणि कंपोझिट पातळ असलं की ठिसूळ. धारेपाशी दीड-दोन मिलिमीटर जाडी राहावी असा माझा प्रयत्न असतो. तेवढी जागाच नसेल तर तीन वाटा उरतात: बाँडिंग थोडं आखूड ठेवायचं, खालच्या दाताची टोकदार धार गुळगुळीत करायची, किंवा तारा वा अलाइनर (दात सरकवणारे पारदर्शक साचे) लावून खालचा दात मागे घ्यायचा. दुसऱ्या वाटेत जातं ते इनॅमलचं अगदी वरचं, अर्ध्या मिलिमीटरच्याही आतलं. धारेवर इनॅमल बऱ्यापैकी जाड असतं, शिवाय घासून, पॉलिश करून वर फ्लोराइड लावतात. मला विचाराल तर करून घ्या. मात्र किती घासणार हे आधी आरशात दाखवायला सांगा.

आणि घरी विचारा, तुम्ही झोपेत दात खाता का? आपलं आपल्याला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. सकाळी जबडा आखडलेला वाटत असेल तर नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचं संरक्षक आवरण) घ्याच. नखं कुरतडणं, दाताने दोरा तोडणं, पेन चावणं, ऊस सोलणं हे सगळं त्याच कोपऱ्यावर होत असतं.

चार वर्षांपूर्वीचं बाँडिंग छान टिकलंय. पण दात किंचित लांब हवे आहेत. जुन्यावर नवं चिकटतं का, की सगळं काढून परत करावं? (वय ३५, कोल्हापूर)

चिकटतं, पण आपोआप नाही. ताज्या कंपोझिटमध्ये जोडायला मोकळे रेणू शिल्लक असतात. त्याच बैठकीत भर घातली तर ती एकजीव होते. चार वर्षांत ते संपतात, वर तोंडातलं पाणी आत मुरलेलं असतं. गुळगुळीत जुन्या थरावर नवा थोपला तर तो सालीसारखा निघून येईल.

पूर्वी दारावर ‘टाकीऽऽ’ अशी हाळी ऐकू यायची. गुळगुळीत झालेल्या पाट्याला, जात्याला टोचे मारून ते पुन्हा खरखरीत करून देत. इथेही तेच. वरचा जुना थर काढायचा, शक्य असेल तर ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ॲल्युमिना पुडीचा बारीक फवारा मारायचा, सिलेन (नवं-जुनं जोडायला मदत करणारं द्रव) लावायचं, मग बाँडिंग एजंट आणि नवं कंपोझिट. यातलं काहीच न करता ‘पाच मिनिटांत भर घालून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून या.

एवढं करूनही हा सांधा एकसंध कंपोझिटइतका मजबूत सहसा होत नाही. म्हणून धारेवर नुसता मणी ठेवल्यासारखी भर घालू देऊ नका. नवा थर दर्शनी भागावर चांगला वर चढवून, जमेल तिथे खऱ्या इनॅमलवरही टेकवून घ्यावा. लांबी वाढवण्याआधी वरच्या पत्रातली जबडा सरकवण्याची परीक्षा तुम्हालाही लागू आहे.

सगळं काढून परत करण्याच्या मात्र मी विरोधात आहे. कंपोझिट आणि दात एकाच रंगाचे, त्यामुळे काढताना थोडं इनॅमल हटकून जातं. काही डॉक्टर जांभळ्या टॉर्चखाली काम करतात. त्यात कंपोझिट वेगळं चमकतं आणि नासाडी कमी होते. तरी शाबूत काम काढायला मी सांगणार नाही. जुन्या डॉक्टरकडून कंपोझिटची कंपनी आणि शेड लिहून घ्या. ‘ए-टू’ हा एकाच नावाचा शेडसुद्धा दोन कंपन्यांचा दोन तऱ्हेचा असतो.

बाँडिंगचा कोपरा जिभेला टोचतो. नखांच्या कानशीने घरीच घासला तर? (वय १९, लातूर)

नको. दवाखान्यात हे पाच मिनिटांचं काम आहे.

चहा दिवसातून पाच वेळा. दोन वर्षांत बाँडिंग पिवळट झालं. वरचेवर पॉलिश केल्याने ते झिजून जाईल का? आणि दात पांढरे करून घेतले तर बाँडिंगही उजळेल का? (वय ४८, सोलापूर)

पॉलिशने जातो तो काही मायक्रॉनचा थर. वर्षातून एक-दोनदा केल्याने बाँडिंग संपत नाही. खडबडीत पृष्ठभागावर कीट लवकर बसतं, खडबडीतपणा ०.२ मायक्रॉनच्या वर गेला की ते वाढतं, असं मानतात. पॉलिश केल्यावरही डाग तसाच राहिला तर तो नेमका कुठे आहे ते बघा. सगळीकडे असेल तर रंग आत मुरलाय, वरचा थर बदलावा. फक्त कडेने तपकिरी रेघ असेल तर तिथला सांधा उघडू लागलाय. तो दुरुस्त करायचा, नुसता चकचकीत करायचा नाही.

दात पांढरे करण्याच्या औषधाने कंपोझिट उजळत नाही. दात उजळतील आणि बाँडिंग ठिगळासारखं दिसेल. आधी दात उजळून घ्या, मग दोन आठवडे थांबा, कारण औषधातला ऑक्सिजन दातात रेंगाळतो आणि तो असेपर्यंत नवं बाँडिंग नीट धरत नाही. त्यानंतर नव्या रंगाशी जुळवून वरचा थर बदला.

राखुंडी, मिसरी, कोळशाची काळी पेस्ट बंद. अल्कोहोलवाला माउथवॉशही नको, त्याने रेझिन नरम पडतं. दवाखान्यात फ्लोराइड लावणार असतील तर ‘पुढे बाँडिंग आहे’ असं सांगा. आम्लयुक्त फ्लोराइड जेल कंपोझिटमधल्या काचेच्या कणांना खातं. चहा सोडा असं मी म्हणत नाही. मीच सोडलेला नाही. पिऊन झाल्यावर चूळ भरा.

अलाइनर संपल्यावर इथे लंडनमध्ये धारांना बाँडिंग केलं. सुट्टीत ठाण्याला आले असताना आकार बदलून घेतला. आता रात्रीचा रिटेनर घट्ट बसतो, काढताना कट्ट आवाज येतो. सवय होईल का? (वय ३१)

सवय व्हायची वाट पाहू नका. रिटेनर म्हणजे दात सरकू नयेत म्हणून घालायचा साचा, आणि तुमचा प्लास्टिकचा रिटेनर जुन्या आकाराच्या मापाने बनलेला आहे. भर घातलेल्या जागी तो अडतो आणि रोज सकाळी काढताना नेमकी नवी धार बाहेर ओढतो. आकारात कुठलीही भर घातली की नवीन माप आणि नवा रिटेनर, हा हिशेब आधीच धरायचा असतो. नुसतं घासून कमी केलं असतं तर जुना चालून गेला असता. पण रिटेनर बंदही करू नका, दात सरकतील. लंडनमधल्या डॉक्टरकडे या आठवड्यातच माप द्या. नवा येईपर्यंत अडणारी जागा त्यांच्याकडूनच जुन्या रिटेनरमध्ये मोकळी करून घ्या. आणि काढताना समोरून ओढू नका. दोन्ही बाजूंच्या दाढांपासून, आतल्या अंगाने सोडवत या.