श्रीलंकेला जाताना तिथल्याच गाइडनं लिहिलेलं प्रवासाचं पुस्तक घ्यावं का?

घ्याच. बाहेरचा लेखक 'काय बघा' सांगतो, तिथला गाइड 'कधी बघा' सांगतो. आपल्याकडचंच बघा ना, गोकाकचा धबधबा मे महिन्यात दाखवायला नेलं तर पाहुणे नुसता कातळ बघून परत येतील. बेळगावचा माणूस त्यांना जुलै-ऑगस्टमध्येच बोलावेल.

श्रीलंकेत तर दोन पावसाळे. आपण पोरांच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात निघणार. तेव्हा नैर्ऋत्येकडे, गॉलच्या बाजूला पाऊस सुरू होत असतो, पण पूर्वेला त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो. दर पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, दारू विक्री बंद. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याला सुमारे 1200 पायऱ्या, तेव्हा पहाटे दार उघडायलाच हजर राहायचं. असल्या गोष्टी चांगला गाइड आधी सांगतो.

रत्नांची दुकानं नि मसाल्याच्या बागा यांची फार स्तुती दिसली तर मात्र जरा जपून, तिथं कमिशन चालतं. आणि आवृत्तीचं साल बघा. 2022 च्या आर्थिक संकटाआधीचे दर आता काही कामाचे नाहीत.