बेळगाव–शिनोळी–चंदगड रस्त्यावरच्या बसप्रवाशांचा आकडा कुठे मिळेल? दोन्ही राज्यांची माहिती एकत्र व्हावी म्हणून काय करता येईल?

तुम्ही कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारलंय. मी याच पट्ट्यात वाहतूक सर्वेक्षणाची कामं करतो, म्हणून सांगतो. आकडा आहे, पण राज्यांच्या हद्दीवरच्या बाची गावाच्या अलीकडे-पलीकडे दोन तुकड्यांत पडलाय. एक तुकडा वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाकडे, ज्याचं मुख्यालय हुबळीला. दुसरा एसटीच्या चंदगड आगाराकडे. दोन्ही जोडून बघणं हे कुणाच्याच कामात बसत नाही.

सगळ्यात मोलाची नोंद कंडक्टरच्या तिकीट मशीनमध्ये असते. कुठल्या स्टेजवरून (भाड्याच्या टप्प्यावरून) कुठल्या स्टेजपर्यंत, कुठली फेरी, किती वाजता, पूर्ण की सवलतीचं, हे सगळं तिकिटागणिक साठतं. महिलांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली तेव्हापासून कर्नाटकच्या बाजूला ही नोंद आणखी कामाची झाली आहे. बायकांना पैसे पडत नसले तरी शून्य तिकीट फाडावंच लागतं, कारण महामंडळाला सरकारकडून भरपाई त्याच हिशोबावर मिळते. जिथे पैसा अडकलेला असतो तिथली नोंद सहसा जपली जाते, हे लक्षात ठेवा. एसटीकडे १७ मार्च २०२३ पासून महिलांचं अर्धं तिकीट आहे, तेही वेगळं मोजलं जातं.

पण इथेच फसाल. शून्य तिकीट कर्नाटकाच्या हद्दीपुरतं, आंतरराज्य बसला ते चालत नाही. समजा उचगावची एखादी बाई शिनोळीच्या कारखान्यात कामाला जाते. बाचीपर्यंत ती फुकट येईल, तिथून चालत किंवा रिक्षाने हद्द ओलांडेल. कर्नाटकच्या नोंदीत ती बाचीला उतरली आणि संपली, महाराष्ट्राच्या नोंदीत ती नाहीच. अशा प्रवाशांमुळे कागदावर आंतरराज्य फेऱ्यांना मागणी कमी दिसते, आणि मागणी नाही म्हणून फेरी वाढत नाही. वडापने (शेअर जीपने), कंपनीच्या गाडीने किंवा दुचाकीने जाणारे तर कुठल्याच मशीनमध्ये येत नाहीत. त्यासाठी बाचीच्या फाट्यावर उभं राहून माणसं मोजण्याला पर्याय नाही. मित्रांना घेऊन पहाटेची पाळी आणि संध्याकाळची सुट्टी, एवढं तरी धरा. आठवडी बाजाराचा दिवस वेगळा मोजा.

जनगणनेकडे बघायचं तर २०११ मध्ये ‘कामावर कसे आणि किती लांब जाता’ हे विचारलं गेलं. पण त्यात शेतकरी आणि शेतमजूर नाहीत, आणि किती लांब ते कळतं, कुठे ते कळत नाही. प्रस्तावनेत एक तक्ता टाकायला ठीक आहे, त्यापलीकडे नाही.

रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे मिळेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे वर्षातून दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास मोजायचं असतं. एकदा सुगीच्या गर्दीत आणि एकदा मंदीच्या दिवसांत. आकडे हातात आले की आधी तारीख बघा. आपल्याकडे उसाचा हंगाम चालू असताना ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला असतो. एका राज्याची मोजणी जानेवारीतली आणि दुसऱ्याची जूनमधली असेल तर दोन्ही शेजारी मांडून काही अर्थ निघत नाही.

आता मागायचं कसं. माहिती अधिकाराचा अर्ज दोन्हीकडे करा, पण दोन्ही राज्यांच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. एसटीला मराठीत लिहा. हुबळीला इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड. कायद्यात त्या भागाची राजभाषा म्हटलंय, त्यामुळे मराठी अर्जाचा हट्ट धरून महिनाभर घालवू नका. भाषेची लढाई वेगळी आहे, ती लढायला माझी ना नाही, पण प्रकल्पाच्या अर्जावर नको. ‘सर्व माहिती द्यावी’ असं कधीच लिहू नका. मार्ग, महिना, फेरीनिहाय आणि स्टेजनिहाय तिकीटसंख्या एवढंच, आणि एक्सेल फाइलमध्ये हवी असं स्पष्ट लिहा. कलम ७(९) मध्ये मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्याची तरतूद आहे. नाहीतर झेरॉक्सचा गठ्ठा येतो आणि टाइप करता करता सेमिस्टर संपतं.

मिळालेलं वेळापत्रक आणि थांबे जीटीएफएस या साच्यात बसवा. काही विशेष नाही, थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा अशा साध्या मजकुराच्या फाइली असतात. दिल्ली आणि कोचीने २०१८ मध्ये याच साच्यात आपली माहिती खुली केली. थांब्यांची नावं दोन्हीकडे वेगवेगळी लिहिलेली येतील, म्हणून गावाला सरकारी एलजीडी कोड (प्रत्येक गावाला दिलेला ठरावीक क्रमांक) लावा आणि त्यावरूनच जुळवा.

कायमचा उपाय मात्र वेगळाच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. दोन राज्यांत किती बस, किती फेऱ्या हे आंतरराज्य करारात ठरतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८८(५) प्रमाणे असा करार करण्यापूर्वी त्याचा प्रस्ताव दोन्ही सरकारांना राजपत्रात आणि स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात छापावा लागतो, आणि हरकतींसाठी किमान तीस दिवस द्यावे लागतात. आपल्याकडे हरकत गेलीच तर ‘आमच्या गावाला बस द्या’ अशी जाते. त्याऐवजी एक कलम सुचवता येतं: आंतरराज्य मार्गांवरची, आणि हद्दीजवळच्या शेवटच्या थांब्यांवरची, स्टेजनिहाय तिकीटसंख्या दोन्ही महामंडळांनी दर तिमाहीला एकाच साच्यात जाहीर करावी. यात कुणा प्रवाशाचं नाव येत नाही, म्हणून खासगीपणाची सबबही चालत नाही.

जुने करार राजपत्रात सापडतील. मंजूर फेऱ्या तिथून घ्या आणि प्रत्यक्ष सुटणाऱ्या फेऱ्यांशी ताडून बघा. डिसेंबर २०२२ सारखे, सीमावादामुळे बस बंद राहिलेले दिवस मात्र सरासरीतून आधी वगळा.