बाबांचे कान अजून तीक्ष्ण का झाले नाहीत?

"मॅडम, बाबांची नजर जाऊन सात महिने झाले. त्यांचे कान तीक्ष्ण व्हायला अजून किती दिवस लागतील?"

हाताचं प्लॅस्टर कधी निघणार असं विचारावं, तितक्या साधेपणाने ती मुलगी मला विचारत होती. शेजारी तिची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. वडील म्हापशाला आलेच नव्हते. "मला कुठे नेऊ नका" म्हणाले होते. (हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नजर गेलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सावरायला मदत करणं हे माझं काम. नजर गेलेल्या माणसाच्या घरचं कुणी ना कुणी हा प्रश्न मला विचारतंच. देव एक घेतो तर दुसरं देतो, असं ऐकत आपण मोठे झालो. त्यामुळे नजर गेली की घरचे त्या "दुसऱ्या"ची वाट बघू लागतात.

काका, म्हणजे त्या मुलीचे बाबा, साठीचे. डिचोली तालुक्यातल्या एका गावात त्यांचं किराणा दुकान. काचबिंदू झाला होता. हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर आधी हळूहळू खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. रक्ताच्या नात्यात त्याचा धोका जास्त असतो, म्हणून पहिल्याच भेटीत मी मुलीला तिचे डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तिच्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. काका सोप्यावर वेताच्या खुर्चीत बसले होते. आम्ही बोलत असताना एक गृहस्थ आले, मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि काकांच्या समोर गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "ओळख बघू, कोण मी?" आत टीव्ही चालू, डोक्यावर पंखा घरघरत होता. काकांनी मान वळवली ती भलत्याच बाजूला, खांबाकडे. एक नाव घेतलं. चुकलं. दुसरं घेतलं, तेही चुकलं. "काय रे, अजून ओळखत नाहीस?" म्हणत पाहुणे हसले आणि काकीला हाक मारत आत गेले. त्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. काकांचा अंगठा मात्र खुर्चीच्या कडेवरून पुढेमागे फिरत होता, वेताची एक काडी निघाली होती तिथेच, पुन्हा पुन्हा.

"दिवसातून दोन-तीनदा माझी अशी परीक्षा होते," ते म्हणाले. "नजर देवाने नेली. बदल्यात द्यायचं ते सगळ्यांना देतो म्हणतात. मला तेवढंही दिलं नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार."

हे ऐकून मी हादरले. नजर गेल्याचं दुःख होतंच, त्यावर नापास झाल्याची लाज बसली होती. दुकानात जाणं त्यांनी त्या लाजेपोटी सोडलं होतं.

बोलताना आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "सात" की "आठ", हे काका पुन्हा विचारत होते. मुलीचं बोलणं त्यांच्याकडून निसटत होतं, माझा सावकाश, खालच्या पट्टीतला आवाज कळत होता. कान तपासलेत का, असं विचारलं तर काकी चकित झाली. "कान कशाला? नजर गेलेल्याला उलट जास्तच ऐकू येतं ना?"

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला. दोन्ही कानांत उंच पट्टीचे आवाज कमी येत होते. वयाप्रमाणे अनेकांचं होतं तसंच. स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी याच पट्टीवर अवलंबून असते, आवाज कुठून आला हे ठरवायलाही ती लागते. कान तीक्ष्ण होण्याची वाट बघण्यात सात महिने गेले आणि कान तपासायचं कुणाला सुचलं नाही! आपल्या घरी कुणाची नजर गेली असेल, तर या लेखातली एवढी एक गोष्ट कृपा करून करा: कानांची तपासणी. श्रवणयंत्र लागलं तर शक्यतो दोन्ही कानांना घ्या, कारण दोन कानांत पोचणाऱ्या आवाजातल्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. आणि माणसाला दिसत नाही, हे ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला, आवर्जून सांगा. आजूबाजूचा आवाज दाबणारी यंत्रातली सोय एरवी बरी वाटते, पण दिसत नसलेल्याला मागून येणारी स्कूटर ऐकू यायलाच हवी.

मग नजर गेल्यावर काहीच वाढत नाही का? वाढतं, पण ते कानात किंवा बोटात वाढत नाही. अगदी बारीक आवाज ऐकण्याची कानाची मर्यादा अंध आणि डोळस माणसांत साधारण सारखीच असते. वासाच्या बाबतीतही ठोस फरक दिसलेला नाही. बदल होतो तो मेंदूच्या वापरात. लहानपणीच नजर गेलेली माणसं ब्रेल वाचताना त्यांच्या मेंदूचा एरवी पाहण्याचं काम करणारा भाग जागा होतो, हे 1996 मध्ये दिसून आलं. स्वरांमधला सूक्ष्म फरक ओळखण्यात जन्मापासून किंवा अगदी लहान वयात अंध झालेले सरस ठरले, उशिरा नजर गेलेले तसे ठरले नाहीत, हे 2004 च्या अभ्यासात आलं. साठीत नजर गेलेल्या माणसाला वाटेत भेटलेल्या जन्मांध गवयाच्या मापाने मोजणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

काकांना सगळ्यात आवडला तो 1944 चा अमेरिकेतला प्रयोग. काही अंध माणसांना भिंत जवळ आली की चेहऱ्यावर काहीतरी जाणवतं, असं ती सांगत. कॉर्नेल विद्यापीठात दोन अंध आणि डोळे बांधलेले दोन डोळस यांना भिंतीकडे चालवलं. कान बंद केले की ती जाणीव नाहीशी झाली. म्हणजे चेहरा नव्हे, पावलांचा प्रतिध्वनीच भिंत सांगत होता. आणि डोळसही सरावाने ते शिकले. "डोळसही शिकले?" काकांनी दोनदा विचारलं. "म्हणजे ही शिकायची गोष्ट आहे." सात महिन्यांत पहिल्यांदाच ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण सुरू झालं. महिनाभराने ते सांगू लागले की आवाराच्या चिऱ्यांच्या भिंतीलगत चालताना काठीचा आवाज जवळ, भरलेला वाटतो, आणि फाटक आलं की उघडा पडतो. घरच्यांसाठी नियम झाले. आत येताना नाव सांगायचं, उठून जाताना "मी जाते" म्हणायचं, बोलताना टीव्ही बंद. दिवसभर कानांवर सगळा भार टाकून माणूस संध्याकाळी थकतो, चिडतो. तो स्वभाव बिघडल्याचा प्रकार नसतो.

दुकानाचं गाडं नोटांवर अडलं होतं. नव्या नोटांत शंभरची लांबी 142 मिलिमीटर, दोनशेची 146, पाचशेची 150, रुंदी तिन्हींची 66. चार मिलिमीटरचा फरक बोटाला सहज लागत नाही, आणि उठावाच्या खुणा मळक्या नोटेवर झिजलेल्या असतात. मुलीने 142 मिलिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी कापली. नोट तिच्यावर ठेवायची: बरोबर बसली तर शंभर, किंचित बाहेर आली तर दोनशे, जास्त आली तर पाचशे. जुनी शंभरची नोट रुंदीलाच मोठी, ती आधीच वेगळी कळते. शंका आली तर फोनवर रिझर्व्ह बँकेचं 'मनी' (MANI) ॲप, ते कॅमेऱ्याने नोट ओळखून किंमत बोलून सांगतं. पहिले आठ-दहा दिवस मुलगी शेजारी बसायची. नंतर तिला उठवलं त्यांनीच.

चवथीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी दरवर्षी तेच बांधायचे, यंदा भाच्याने बांधायची असं ठरलं होतं. मी पोचले तेव्हा काका खाली जमिनीवर बसून एकेक वस्तू हातात घेत होते. तोरिंग, चिबूड, नारळांचा घड, काही रानफळं जी मला नावानेही माहीत नव्हती. देठाशी बोट लावून नाव सांगत, सुंभाची गाठ मारत आणि वर उभ्या असलेल्या भाच्याच्या हातात देत. चाळीस वर्षं हेच काम केलेले हात ते.

मग सुपारीचा घड आला. त्यांनी तो फिरवून बघितला आणि थांबले.

"गो, हा पिकलाय की हिरवाच?"

"केशरी झालाय," काकी आतून बघत म्हणाली. "एका बाजूने."

"ती बाजू पुढे घे रे," त्यांनी घड वर देत भाच्याला सांगितलं, आणि पुढच्या फळासाठी हात पसरला.